शेवटची चानकी

सद्गुरू जिवबा महाराज बोरवंडला नेमके कधी आले, ते कुणालाच सांगता येत नाही. ओढ्याकाठचं हे कोष्ट्यांचं गाव. घरटी दोन-दोन, चार-चार माग, आणि दिवसभर धोट्यांचा खडखडाट एवढा की दारात आलेल्या माणसाने दोनदा हाक मारल्याशिवाय घरात कळायचं नाही. तिथे एक साधू गुपचूप येऊन सूत रंगवायच्या पडक्या रंगशाळेत राहिला, हे कुणाच्या ध्यानात येणार! एके दिवशी बायका पाण्याला निघाल्या तर महाराज वाटेवर बसलेले दिसले, आणि मग रोजच दिसू लागले. अंगावर जाडाभरडा पंचा, खांद्याला झोळी, झोळीचं तोंड कायम बांधलेलं. बोलणं अगदी थोडं. पोर असो की म्हातारी, बाईमाणसाला महाराज ‘माय’ म्हणायचे.

त्या गावच्या भिवराबाई नावाच्या सासुरवाशिणीची ही कथा आहे. ऐकताना डोळे भरून आले तर भाविकांनी लाजू नये. महाराजांचेही भरले होते.

भिवराबाईचं घर म्हणजे मोठं खटलं. चार मागांवर तिच्या नवऱ्यासकट चार पुरुष, तीन जावा, म्हातारी सासू आणि सहा पोरं, अशी चौदा माणसं. एरवी सुखाचं म्हणावं असं घर. पण त्या साली सुताचा तुटवडा पडला, चारांतले दोन माग गप्प झाले, आणि विणलेली लुगडी घडी न मोडता पडून राहू लागली. घराचा कारभार थोरला दीर नारोबाकडे होता. कणगीच्या खोलीची किल्ली त्याच्या कडदोऱ्याला असे. रोज सकाळी तो खोली उघडायचा आणि माणशी एक चिपटं जोंधळा मोजून सुपात घालायचा. चिपटं म्हणजे पावशेराचं माप. एका चिपट्यात दोन भाकरी होतात, एक सकाळची आणि एक सांजेची. माप भरलं की नारोबा वरून तळहात फिरवून ते सपाट करायचा. एक दाणा वर राहू द्यायचा नाही.

“असल्या दिवसांतबी आपल्या घरात कुनी उपाशी न्हाई,” हे वाक्य नारोबा चावडीवर दिवसातून एकदा तरी बोलायचाच. “माप चोख ठेवलं की घर आपोआप चोख ऱ्हातं.”

बरं, माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या ताटातही त्याने कधी मूठभर जास्त घेतलं नाही. पण चौदा चिपटी मोजली की आपण चौदा माणसं जेवू घातली, असं त्याला मनापासून वाटायचं. चिपटं आणि जेवण यांच्यामध्ये एक चूल असते आणि त्या चुलीपाशी एक बाई असते, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

ती बाई म्हणजे भिवरा. थोरली जाऊ गयाबाई दळण बघायची, धाकटी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि स्वयंपाक मधलीच्या गळ्यात. उद्या काय रांधायचं, याचा विचार ती आज ओढ्यावर धुणं आपटतानाच करायची. येताना काठावरची घोळ आणि तांदुळजा खुडून पदरात घ्यायची. सकाळी अंबाडीची भाजी केली की ती पुरावी म्हणून तिच्यात मूठभर कण्या घालायची. हुलगे महाग नव्हते, तेव्हा दोन दिवसांआड हुलग्याचं माडगं, आणि ते पातळ असलं तरी चव लागावी म्हणून वरून लसणाची फोडणी. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. भाकरीचा शिळा तुकडा उरलाच तर सकाळी कांद्यावर परतून पोरांपुढे यायचा. पिठल्यात तांब्याभर पाणी वाढलं तरी ते पिठलंच लागावं, हा हात तिच्या आईने तिला दिला होता. वाढायचा क्रम ठरलेला होता. आधी पुरुष, कारण रिकाम्या पोटी मागाची पावडी पायाने दबत नाही. मग पोरं, मग म्हातारी, मग जावा. सगळ्यांत शेवटी भिवरा.

आणि शेवटची चानकी मथीची.

भाकरी थापून झाल्या की काठवटीला आणि बोटांना लागलेलं पीठ खरवडून जी तळहाताएवढी भाकरी करतात, ती चानकी. मथी ही भिवराची एकुलती लेक. सात वर्षांची, वरचे पुढचे दोन दात पडलेले. चानकी तव्यावर टाकण्याआधी भिवरा तिच्या काठावर अंगठा दाबायची. मथीला ती खूण लागायचीच. ठसा बघितल्याशिवाय ती चानकी हातात घ्यायची नाही. मग मोठा आ करून चावा घ्यायची, आणि दात नव्हते तिथे, घासाच्या मधोमध, भाकरीची एक जिभली तशीच राहून जायची. ती दाखवत घरभर हिंडायची आणि सगळ्यांना हसवायची. चानकीखेरीज तिला फारसं काही लागायचंही नाही.

भाद्रपदात मथीला ताप आला. दोन दिवस पोर डोळे उघडीना. तिसऱ्या दिवशी दुपारी भिवरा भाकरी थापत होती. मथी चुलीजवळच वाकळेवर पडली होती. एकदम म्हणाली, “आये, भूक लागली. चानकी दे.”

भिवराला वाटलं, देव पावला! भूक लागली म्हणजे ताप उतरणार. पण माग थांबवून पुरुष ताटांवर बसले होते आणि दुरडीत तेव्हा जेमतेम चार भाकरी होत्या. ती म्हणाली, “थांब गं माझी बाय. एवढ्या भाकरी होऊ देत. शेवटी तुझीच हाय.”

मथी थांबली. शहाणी पोर होती, थांब म्हटलं की थांबायची. भाकरी झाल्या, काठवट खरवडली, अंगठा दाबून चानकी तव्यावर पडली. आणि वाकळेपाशी बसलेल्या सासूने हंबरडा फोडला. भिवरा धावली. तव्यावरची चानकी एका बाजूने काळीठिक्कर करपली. ती पुढे कुणी काढली, कुठे टाकली, कुणालाच सांगता आलं नाही.

मथी गेली. भिवरा रडली नाही. तिच्या छातीत एकच वाक्य अडकून बसलं होतं, माझं लेकरू उपाशी गेलं. ते बाहेर पडल्याशिवाय रडू येणार नव्हतं, आणि ते बाहेर काढायची तिची छाती नव्हती.

बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी सकाळी नारोबाने कणगीची खोली उघडली आणि तेरा चिपटी मोजली. तेरा माणसं, तेरा चिपटी. त्याच्या मनात कसलंही पाप नव्हतं. मथीचं नाव घेताना त्याचाही आवाज घोगरा व्हायचा. पण माप ते माप.

त्या दिवसापासून दुरडीतली शेवटची भाकरी संपायची तेव्हा भिवराचं ताट कोरडं असायचं. ती तक्रार कुणाकडे करणार? मोजून तेरा चिपटी दिलेली. ती दाराकडे पाठ करून बसायची, भाजीचं भांडं पुसून तोंडात घालायची, वर तांब्याभर पाणी प्यायची. मग ताट मुद्दाम वाजवत विसळायची.

“जेवलीस का गं?” सासू माजघरातून विचारायची.

“जेवले की, आत्याबाई.”

चानकीपुरतं पीठ काठवटीला रोज निघत होतंच. भिवराचा हात आपोआप ते खरवडायचा, थापायचा, काठावर अंगठा दाबायचा. तीच चानकी तिने खाल्ली असती तर निदान दिवसातून एकदा काहीतरी पोटात गेलं असतं. पण मथीची चानकी तिच्या घशाखाली कशी उतरावी? पहिल्या सांजेला तिने ती पदराखाली घेतली. ओढ्यातल्या मासळीला घालावी, म्हणून घागर उचलून निघाली. रंगशाळेपाशी आली तर महाराजांनी हात पुढे केला.

“माय, चानकी आणलीस?”

भिवराने पदर आवळला. पदराखालचं यांना कसं दिसलं? तिने मुकाट्याने चानकी त्यांच्या हातावर ठेवली. महाराजांनी काठावरचा ठसा बोटाने चाचपला. “अर्धी तू खा.”

“माझं पोट भरलंय, महाराज.”

 महाराजांनी चानकी झोळीत ठेवून गाठ मारली आणि म्हणाले, “पोहोचली हो, माय.”

असं रोज सुरू झालं. महाराजांनी रोज ‘अर्धी तू खा’ म्हणावं, तिने रोज ‘पोट भरलंय’ म्हणावं, आणि त्यांनी ‘पोहोचली’ म्हणून झोळी बांधावी. आश्विन गेला, कार्तिक गेला, माघ आला. भिवराच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. दुःखाने वाळली, असं घरच्यांना वाटलं. दुःख समोर असलं की माणसं भुकेकडे बघत नाहीत.

गावाला मात्र पदराखालची चानकी दिसली. एक दिवस चावडीवर कुणीतरी नारोबाला टोमणा मारला, “नारोबा, तुमच्या घरी लई सुकाळ झालाय म्हनं. साधू पोसताय!”

नारोबाच्या वर्मी घाव बसला. त्याच सांजेला तो रंगशाळेपाशी जाऊन उभा राहिला. भिवरा चानकी महाराजांच्या हातावर ठेवणार, एवढ्यात त्याने ती मधल्या मधे हिसकून घेतली.

“हे बरं हाय!” तो महाराजांवर कडाडला. “आम्ही मागावर पाय झिजवायचे, आन् तुम्ही आयतं गिळायचं! आन् तू गं भिवरा? मी दाना दाना मोजून देतो. मग ही वरची आली कुठनं? कुनाच्या ताटातनं चोरलीस?”

पाण्याला आलेल्या बायका थबकून बघू लागल्या. भिवराने मान खाली घातली. चोर म्हटल्याचं तिला तेवढं लागलं नाही. चानकी दिराच्या मुठीत चुरगळली होती, तिकडे तिचे डोळे लागले होते.

महाराज शांतपणे म्हणाले, “नारोबा, हे कुठून आलं ते बघायचंय का तुला?”

“बघायचंय! उद्या चुलीम्होरं मीच बसतो. तुम्हीबी या. तेरा चिपट्यांत तेरा मानसं जेवतात का न्हाई, ते डोळ्यांनी बघा, आन् मग गाव सोडा!”

“येतो,” महाराज म्हणाले. “पण घरातली सगळी माणसं एका वेळी एका पंगतीत बसली पाहिजेत. वाढायला म्हणून कुणी मागे राहायचं नाही.”

मग त्यांनी चुरगळलेल्या चानकीचे तुकडे नारोबाच्या मुठीतून एक एक करून सोडवून घेतले आणि झोळीत टाकले.

दुसऱ्या दिवशी नारोबाने धान्य मोजलं, दळण डोळ्यांसमोर करून घेतलं आणि निम्मं पीठ सांजेसाठी स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं. भिवराला चुलीपाशी येऊ दिलं नाही. गयाबाईने भाकरी थापल्या आणि नारोबाने त्या दुरडीत मोजून घेतल्या. तेरा! त्याने अभिमानाने महाराजांकडे पाहिलं. महाराज उंबऱ्याशी झोळी मांडीवर घेऊन बसले होते.

पंगत बसली. त्या घरात बायका पुरुषांबरोबर कधी बसल्या नव्हत्या. जावा पदर पुढे ओढून अंग चोरून बसल्या, भिवरा सगळ्यांत शेवटी. महाराजांनी ‘रोजच्यासारखंच वाढा’ म्हटलं, तसं गयाबाईने वाढलं. मागावरच्या चौघांना दीड-दीड भाकरी. तीन मोठ्या पोरांना एक-एक, दोन धाकट्यांना अर्धी-अर्धी. म्हातारीला एक. धाकट्या जावेला एक, आपल्या ताटात एक. मग ती दुरडी घेऊन भिवरापुढे आली आणि तशीच उभी राहिली.

दुरडीत काही नव्हतं.

“भाकरी गेली कुठं?” नारोबा ओरडला. “गया, किती थापल्यास?”

“तेरा. तुमीच मोजल्या की!”

नारोबा उठला. ताटं मोजली, भाकरी मोजल्या, पुन्हा ताटं मोजली. तेरा ताटं, तेरा भाकरी, आणि भिवराचं ताट रिकामं. तेव्हा म्हातारी सासू बोलू लागली.

“नारबा, मथीचं पोट चिपट्याचं व्हतं व्हय रं? ती पोर चानकीवर जगायची. तिच्या नावाचं चिपटं तुम्ही मागावरले खात व्हता, दीड-दीड भाकरी. ती गेली, आन् तू आख्खं चिपटं काढून घेतलंस. पाच महिनं ते कुनाच्या ताटातनं गेलं?” तिने कपाळावर हात मारला. “मी रोज इचारायची, जेवलीस का गं. ती व्हय म्हनायची, आन् मी ऐकून घ्यायची. एकदाबी उठून ताट बघितलं न्हाई मी.”

कुणाचाच हात घासाला जाईना.

महाराज उठले. पंगतीच्या मधोमध येऊन त्यांनी झोळीची गाठ सोडली आणि ती दुरडीवर उपडी केली. चानक्या! एक पडली, दोन पडल्या, दुरडी भरली तरी पडतच राहिल्या, परात भरली, सूप भरलं. भाद्रपदापासूनच्या चानक्या, पण एकीलाही बुरशी नाही, एकही वाळलेली नाही. नुकत्या तव्यावरून उतराव्यात तशा ऊन, वाफाळलेल्या. आदल्या दिवशी चुरगळलेलीही सांधून अख्खी झाली होती. प्रत्येकीच्या काठावर अंगठ्याचा ठसा. ताज्या भाकरीच्या वासाने घर भरून गेलं, आणि पोरं ‘मथीच्या चानक्या, मथीच्या चानक्या’ म्हणू लागली.

“महाराज,” भिवरा कशीबशी म्हणाली, “तुम्ही खाल्ल्या न्हाईत?”

“माझ्या नव्हत्याच त्या, माय. तू उपाशी राहून दिलेल्या मी कशा खाऊ? घरच्या घरी पोचवायच्या होत्या.”

मग पाच महिने छातीत अडकलेलं ते वाक्य आपोआप बाहेर आलं. “माझं लेकरू उपाशी गेलं, महाराज. भूक लागली म्हनत व्हतं. मी थांब म्हनले. शेवटी तुझीच हाय म्हनले. ते थांबलं आन् तसंच गेलं.”

महाराजांचे डोळे वाहू लागले. त्यांनी रिकाम्या झोळीत पुन्हा हात घातला आणि तळाशी राहिलेली एक चानकी काढून भिवराच्या ओंजळीत ठेवली.

ती ऊन नव्हती. एका बाजूने काळीठिक्कर करपलेली होती. तिच्या काठावर ठसा होता, आणि ठशाच्या समोरच्या बाजूला एक इवलासा चावा. चाव्याच्या मधोमध भाकरीची जिभली तशीच राहिली होती.

“ही तेवढी तिची,” महाराज म्हणाले. “जिची होती तिने खाल्ली, माय. पोर उपाशी नाही गेली.”

भिवराने त्या जिभलीवर बोट ठेवलं. मग ती रडली. पाच महिन्यांचं रडणं होतं ते, घर हादरून गेलं. सासूने तिला पोटाशी धरलं. गयाबाई रडली, मागावरचे पुरुष पंचाने तोंड झाकून रडले. मथी काही परत आली नाही. ते मागणं भिवराने महाराजांपुढे केलंही नाही.

नारोबा उठून आत गेला आणि कणगीच्या खोलीतलं चिपटं घेऊन आला. ते महाराजांच्या पायांशी ठेवून तो वाकणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

“इथे नाही, नारोबा.”

तो समजला. थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोपुढे वाकावं, असं त्या आळीत कधी झालं नव्हतं. भिवरा अंग चोरून मागे सरकली. नारोबाने चिपटं आणि किल्ली तिच्या रिकाम्या ताटात ठेवली आणि जमिनीला कपाळ टेकलं.

“पोरी,” तो हुंदके देत म्हणाला, “सगळी मोजली. तुला मोजलंच न्हाई.”

भिवराने किल्ली उचलली नाही, पण ताट दूरही सारलं नाही. महाराजांनी एका ऊन चानकीचा तुकडा मोडला, माडग्यात बुडवला आणि तिच्या हातावर ठेवला. त्या दिवशी त्या घरात भिवरा पहिली जेवली, आणि तिचा घास गिळून होईपर्यंत बाकीची बारा माणसं तशीच बसून राहिली. मग नारोबाने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. या खेपेला महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.

चार दिवसांनी बायका पाण्याला गेल्या तेव्हा रंगशाळा रिकामी होती. महाराज आले तसेच गेले. करपलेली चानकी भिवराने शेवटपर्यंत देव्हाऱ्यात ठेवली होती म्हणतात. सूत पुढे आलं, माग पुन्हा बोलू लागले, दुरडी पुन्हा भरली. पण बोरवंडच्या कोष्टी आळीत तेव्हापासून भाकरीला बसलेली बाई चानकी आधी थापते. मागावरून उठून आलेला माणूस कितीही भुकेजलेला असो, त्याला ‘थांबा’ म्हणतात. लेकराला म्हणत नाहीत.

जिवबा महाराज, आमच्या ताटांवरही तुमची नजर असू द्या. आमच्या घरात ‘जेवले’ म्हणणारी कुणी असेल, तर उठून तिचं ताट बघण्याची बुद्धी आम्हाला द्या.